डेलिया सोसायटीत यायचं तर नोव्हेंबरात या

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याहून सिएटलजवळच्या रेडमंडला येऊन दोन वर्षं झाली. मागच्या ऑगस्टात सिएटलच्या व्हॉलंटिअर पार्कात डेलियाचे वाफे पाहिले आणि तेव्हापासून तेच डोक्यात आहे. घरामागे दहा बाय बारा फुटांचा उन्हातला तुकडा मोकळा आहे. इथल्या डेलिया सोसायटीचं, म्हणजे डेलिया लावणाऱ्या हौशी लोकांच्या संस्थेचं, सदस्य व्हावं का? तिथं वर्षभर काय चालतं, की नुसतं ऑगस्टातलं प्रदर्शन असतं? नोकरी आणि लहान मूल सांभाळून हे जमेल का?

जमेल, आणि जरूर व्हा. फक्त बहुतेक जण करतात तसं करू नका. म्हणजे प्रदर्शनात भारावून जायचं, दारातल्या टेबलावर अर्ज भरायचा आणि पुढच्या ऑगस्टापर्यंत विसरून जायचं. तुम्ही नोव्हेंबरात या, पावसात, चिखलात, जुने बूट घालून. मी सिएटलच्या आसपासच्या एका सोसायटीत सतरा वर्षं आहे, त्यातली पाच वर्षं कंदविक्रीचं काम माझ्याकडे होतं. प्रदर्शन बघून आलेले शंभर लोक येतात नि जातात. नोव्हेंबरात एकदा आलेला माणूस सहसा जात नाही.

कारण सांगते. एप्रिलअखेरीस किंवा मेमध्ये आपण बोटभर लांबीचा एक कंद लावतो. नोव्हेंबरात त्याच जागी जमिनीखाली रताळ्यांसारखा पाच-दहा कंदांचा झुबका तयार असतो. झुबका कापून नीट वाटे केले तर त्यातले चार-पाच तरी लावण्याजोगे निघतात. तुमच्या दहा बाय बारात, मध्ये चालायला जागा सोडून, दोन-दोन फुटांवर वीसेक झाडं बसतील. म्हणजे पहिल्याच हिवाळ्यात तुमच्याकडे ऐंशी-नव्वद कंद असतील आणि जागा तीच, वीस झाडांची. बाकीच्यांचं काय करणार?

आता याची दुसरी बाजू बघा. डेलियाच्या पेशीत गुणसूत्रांचे आठ संच असतात, आपल्या पेशीत असतात दोन. त्यामुळे बी पेरलं तर आईसारखं फूल येईल ही आशाच सोडायची. कुठल्याही जातीचं फूल जसंच्या तसं हवं असेल तर तिचा कंद तरी हवा, नाहीतर तिच्या कोवळ्या फुटव्याचं छाटकलम. आणि कंद तर नाशवंत. एका हिवाळ्यात तो सडला किंवा वाळला की तुमच्यापुरती ती जात संपली.

म्हणजे दरवर्षी प्रत्येकाकडे वाटण्याइतकं जास्तीचं असतं आणि दरवर्षी प्रत्येकाचं काही ना काही गेलेलं असतं. सोसायटी उभी आहे ती या हिशोबावर. चषक, रिबिनी, फोटो हे सगळं छान आहे, मलाही आवडतं, पण ते वरचं. अमेरिकन डेलिया सोसायटी १९१५ साली स्थापन झाली. सिएटलनं तर १९१३ सालीच डेलियाला शहराचं फूल ठरवलं, सॅन फ्रान्सिस्कोनं १९२६ साली. एवढ्या वर्षांत घरं बदलली, बागांच्या जागी इमारती आल्या, माणसं गेली. तरी १९२४ सालचा ‘बिशप ऑफ लँडाफ’ नावाचा डेलिया आजही कुणाच्या तरी वाफ्यात काळसर पानांवर लालभडक फुलतो, तो शंभर वर्षं कुणी ना कुणी दर हिवाळ्यात त्याचे वाटे करून दिले म्हणून.

तर नोव्हेंबर. पहिलं कडक दंव इथं ऑक्टोबरअखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत केव्हाही पडतं. आदल्या संध्याकाळी हिरवीगार असलेली झाडं सकाळी काळी पडून लोंबत असतात, उकडलेल्या पालकासारखी. पहिल्या वर्षी मला रडू आलं होतं. आता मी लगेच सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, घेऊन बाहेर पडते. खोड वीतभर ठेवून वरचं सगळं कापायचं आणि आठ-दहा दिवस थांबायचं. वरचा भाग गेला की बुंध्याजवळचे डोळे, म्हणजे कोंब जिथून फुटतो ते उंचवटे, फुगू लागतात आणि वाटे करताना ते दिसतात. घाई केली तर आंधळ्यानं कापल्यासारखं होतं.

आमच्या सोसायटीकडे एका सार्वजनिक बागेतले वाफे सांभाळायला आहेत. ते खणायचा दिवस म्हणजे आमची खरी वार्षिक सभा. दोन माणसं झाडाच्या दोन बाजूंना उभी राहतात, खोडापासून फूटभर लांब काट्यांचं फावडं घुसवतात आणि एकदमच उचलतात. एकट्यानं एका बाजूनं उचकटलं तर कंदांच्या माना मोडतात आणि मान मोडलेला कंद कामाचा नाही. मग झुबका उलटा धरून पोकळ खोडात साचलेलं पाणी काढायचं, जाळीच्या टेबलावर ठेवून पाइपानं धुवायचा आणि पुढे वाटे करणाऱ्यांकडे सरकवायचा. त्या टेबलाशी बहुतेक सगळे सत्तरीच्या पुढचे असतात. तुम्हाला बसायचंय ते त्यांच्या शेजारी.

वाटे करणं पुस्तकात वाचून कळत नाही. बटाट्याला अंगभर डोळे असतात, त्यामुळे आपल्याला वाटतं की कंद म्हणजे कुठूनही फुटणार. डेलियाचं तसं नाही. डोळा फक्त वर, मानेच्या पलीकडे, जिथं कंद खोडाच्या बुंध्याला चिकटलेला असतो त्या चिंचोळ्या पट्टीत असतो. कंद मुळ्याएवढा जाड असला आणि त्याच्याबरोबर बुंध्याचा तो तुकडा आला नाही, तर तो जमिनीत महिनोन्‌महिने तसाच पडून राहील, मुळंही धरेल, पण कोंब कधीच काढणार नाही. उलट करंगळीएवढा कंद, पण डोळा शाबूत, तर ऑगस्टात तुमच्या खांद्याला लागेल एवढं झाड. मला हे ऐंशीच्या घरातल्या एका आजींनी शिकवलं. मी सुरी धरून नुसती डोळे ताणून बघत बसले होते. त्यांनी माझं बोट धरलं आणि बुंध्यावरून हळूच फिरवलं. मोहरीएवढा उंचवटा लागला. मग तिरका उजेड धरून दाखवलं, फिकट गुलाबी ठिपका होता. त्या दिवसानंतर मला डोळे दिसायला लागले.

त्याच टेबलावर एक पेन्सिल असते, ओल्या पृष्ठभागावर लिहिलं की अक्षरं जांभळी होतात. आपल्याकडे पूर्वी पोस्टात, रेशनच्या दुकानात कॉपिंग पेन्सिल असायची, तीच. जातीचं नाव थेट कंदाच्या अंगावर लिहायचं. कागदाची लेबलं भिजतात, दोऱ्या सुटतात, पिशव्या बदलतात, पण कंदावरचं नाव एप्रिलपर्यंत टिकतं. नाव माहीत नसेल तर ‘अज्ञात’ लिहायचं, अंदाजानं काहीही लिहायचं नाही. हा नियम आमच्याकडे सगळ्यात कडक पाळला जातो. एका चुकीच्या नावाचे पुढच्या वर्षी पाच कंद होतात आणि ते पाच घरांत जातात.

आणि रोग. खोडाच्या तळाशी फुलकोबीसारखी खडबडीत गाठ दिसली तर तो क्राउन गॉल. बारीक बारीक पिवळट कोंबांचा गुच्छ एकाच जागी फुटलेला दिसला तर लीफी गॉल. दोन्ही जिवाणूंचे रोग, औषध नाही. अख्खा झुबका कचऱ्यात जातो, कंपोस्टात नाही. प्रत्येक झुबक्यानंतर सुरी ब्लीचच्या पाण्यात बुडवायची, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी. मी हे फार महागात शिकले. तिसऱ्या वर्षी टपालानं मागवलेल्या कंदांत तिघांना गाठी होत्या. मला त्या ओळखता आल्या नाहीत. हिवाळ्यात सगळे वाटे मी एकाच सुरीनं केले. पुढच्या वर्षी अकरा झाडं उपटून फेकावी लागली, त्यात त्या आजींनी दिलेली दोन होती. तेव्हापासून बाहेरून आलेला प्रत्येक नवा कंद पहिलं वर्ष वेगळ्या कुंडीत.

डिसेंबरात जेवण असतं, प्रत्येकानं काहीतरी करून आणायचं. पदाधिकाऱ्यांची निवड, बक्षिसं, झालं. मी दर वर्षी साबुदाण्याची खिचडी नेते, आता तिची वाट बघतात.

जानेवारी-फेब्रुवारीत बैठका असतात, महिन्यातून एक संध्याकाळ, दीड-दोन तास. नव्या जातींचे फोटो, कुणी छाटकलमांचं प्रात्यक्षिक करतं, कधी एखादं व्याख्यान. आपल्याच राज्यातल्या वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत प्राध्यापक हनु पप्पू यांच्या प्रयोगशाळेनं डेलियावरच्या विषाणूंवर बरीच वर्षं काम केलंय, त्यातून आम्हाला कळलं की झाड वरून धडधाकट दिसलं तरी आत विषाणू असू शकतो, आणि वाट्यांतून तो पुढे जातो. पानांवर शिरांच्या कडेनं पिवळे पट्टे, खुजं झाड, वेडीवाकडी पानं दिसली तर माया न करता काढून टाकायचं.

या दोन महिन्यांत खरं काम घरी असतं, आणि ते रोजचं नाही. कंद ४ ते ७ अंश सेल्सिअसला, अंधारात, ना ओले ना कोरडे असे ठेवायचे. कुणी व्हर्मिक्युलाइट नावाच्या हलक्या खनिज भुग्यात ठेवतं, कुणी लाकडाच्या भुशात, कुणी स्वयंपाकघरातल्या चिकटणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये एकेक गुंडाळून. पद्धतीवरून आमच्यात दर वर्षी वाद होतात आणि मिटत नाहीत. तुमच्या गॅरेजमध्ये काय जमतं ते तुम्हीच शोधायचं. महिन्यातून एकदा खोका उघडायचा, मऊ पडलेला काढायचा, सुरकुतलेल्यावर पाण्याचा हलका फवारा मारायचा. एवढंच. पण तो महिना चुकवायचा नाही.

इथं मला एक गोष्ट सांगायची आहे, कारण तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर तिच्यातच आहे. आमच्याकडे एक आजोबा होते. त्यांनी बीपासून स्वतः एक जात काढली होती, फिकट जर्दाळू रंगाची, मधोमध किंचित गुलाबी. बारा वर्षं निवड करून पक्की केलेली. ती कुठल्याही यादीत नव्हती, विकायलाही कधी ठेवली नाही. मला नोव्हेंबरात दोन कंद दिले होते, असेच, पिशवीत घालून. पुढे दोन वर्षांनी एका जानेवारीत कडाक्याची थंडी आली, त्यांचे खोके गॅरेजच्या बाहेरच्या भिंतीला टेकून होते, सगळं गोठलं. गोठलेला कंद वितळला की हातात पाणी होतो. फेब्रुवारीच्या बैठकीत ते काही बोलले नाहीत. मार्चमध्ये त्यांच्या बायकोनं हळूच विचारलं, तुझ्याकडे आहे का? माझ्याकडे सात होते. पाच मी त्यांना दिले. त्यांनी प्रत्येकाचा डोळा बोटानं चाचपून पाहिला, आणि एक मला परत केला. ‘तुझ्याकडे तीन राहू देत,’ म्हणाले, ‘म्हणजे मला झोप लागेल.’ ते गेले त्याला आता सहा वर्षं झाली. ती जात आज आमच्यातल्या चौदा घरांत आहे.

मार्चअखेर ते एप्रिल म्हणजे कंदविक्री. सदस्यांनी दिलेले जास्तीचे कंद, सार्वजनिक बागेतले वाटे, सगळं तपासून, डोळा फुटलेला दिसेल तेवढेच घेऊन, नावाप्रमाणे लावतात. दोन दिवस आधी आम्ही दहा-बारा जणी-जण पिशव्या भरत बसतो. प्रत्येक पिशवीवर जात, आकार, रंग, उंची. विक्रीच्या सकाळी दार उघडायच्या आधी रांग लागते. मोठ्या नर्सऱ्यांच्या संकेतस्थळांवर काही मिनिटांत संपणाऱ्या जाती इथं साध्या किमतीत मिळतात. ‘कॅफे ओ ले’ सगळ्यांना हवी असते, दुधातल्या कॉफीच्या रंगाचं ताटलीएवढं फूल, लग्नांच्या फोटोंमुळे गाजलेलं. घ्या, छान आहे, पण देठ कमकुवत, पाऊस पडला की मान टाकते. पहिल्या वर्षी मी तुम्हाला ‘कॉर्नेल’ सांगेन. गडद लाल, गोल, घट्ट, देठ काठीसारखे, कंदही भरपूर आणि टिकाऊ. आणि एक तरी राक्षसी फूल असू दे, ‘केल्विन फ्लडलाइट’, पिवळंधमक. मुलाच्या डोक्याएवढं फूल तुमच्या अंगणात आलं की तुमचं मूल तुमच्याबरोबर बागेत येईल.

या विक्रीच्या पैशांवर सोसायटीचं वर्ष चालतं: हॉलचं भाडं, प्रदर्शन, बागेतलं खत. वर्गणी फार नसते, आणि सदस्यांना विक्रीत आधी प्रवेश मिळतो, तेव्हा एप्रिलातच ती वसूल होते. पण विक्रीच्या दिवशी टेबलाच्या आतल्या बाजूला उभं राहायला मिळालं तर ते सोडू नका. लोक काय विचारतात ते ऐकून मी जेवढं शिकले तेवढं विकत घेऊन नाही शिकले.

लागवडीचं थोडक्यात सांगते, हे कुठेही मिळेल. माती १५-१६ अंशांवर गेल्यावर लावायचं, म्हणजे इथं एप्रिलअखेर ते मेअखेर. खोली १० ते १५ सेंटिमीटर, कंद आडवा, डोळा वर. काठी आधी रोवायची, नंतर कंद ठेवायचा. उलट केलं तर एक ना एक दिवस काठी कंदाच्या आरपार जाते. कोंब वर येईपर्यंत पाणी घालायचं नाही. हे आपल्याला सगळ्यात जड जातं, पेरलं की पाणी हा आपला हात. पण मेमध्ये इथल्या मातीत ओल पुरेशी असते, वरून घातलेल्या पाण्यानं मुळं नसलेला कंद सडतो.

गोगलगायींबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. सिएटलकडे बिनशंखाच्या गोगलगायी आहेत, स्लग म्हणतात, आणि डेलियाचा कोवळा कोंब त्यांना भारी आवडतो. रात्रीत कोंब जमिनीलगत साफ होतो आणि तुम्ही जूनपर्यंत वाट बघत बसता की कंद उगवला कसा नाही. कोंब दिसायच्या आधीच लोह फॉस्फेटच्या गोळ्या टाकून ठेवायच्या, आणि रात्री दहाला टॉर्च घेऊन एक फेरी. माझी मुलगी लहान असताना तिचं ते रोजचं काम होतं, एका डब्यात गोळा करायची.

जूनमध्ये झाडाला पानांच्या चार जोड्या आल्या की शेंडा खुडायचा. इथं नवे लोक हमखास मागे सरतात, एवढं जोमानं वाढतंय आणि मोडायचं? मोडायचं. खालून फांद्या फुटतात, झाड भरतं. जुलैत कळ्या. प्रत्येक फांदीच्या टोकाला तीन येतात, मधली ठेवायची आणि बाजूच्या दोन, वाटाण्याएवढ्या झाल्या की, अंगठ्यानं बाजूला ढकलून तोडायच्या. देठ लांब होतो, फूल मोठं होतं. सोसायटीत जुलैत एकमेकांच्या बागा बघायची फेरी असते, चार-पाच घरं, एका दुपारी. ती चुकवू नका. लोक काठ्या कशा बांधतात, पाइप कसे फिरवतात, सावलीच्या कोपऱ्यात काय लावतात हे फोटोत दिसत नाही.

आता तुम्हाला ज्यानं वेड लावलं तो ऑगस्ट.

पुण्यात आपण डेलिया थंडीतलं फूल म्हणून ओळखतो. गणपती झाले की माझे वडील कुंड्या भरायला घ्यायचे आणि जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाच्या सुमारास आमच्या गच्चीवर फुलं यायची. इथं तेच फूल ऐन उन्हाळ्यात. पण विचार केला तर फरक नाहीच. हे झाड मेक्सिकोच्या डोंगराळ पठारांवरचं. त्याला दिवस उबदार आणि रात्री थंड लागतात. पुण्याचा जानेवारी आणि सिएटलचा ऑगस्ट त्याला जवळजवळ सारखेच. नावाचंही तसंच आहे. १७९१ साली माद्रिदचे वनस्पतिशास्त्रज्ञ कावानिल्येस यांनी स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ आंद्रेस डाल यांच्या आठवणीत हे नाव ठेवलं. इंग्रजांनी ‘डेलिया’ म्हटलं म्हणून आपण डेलिया म्हणतो, अमेरिकन ‘डॅलिया’ म्हणतात. बैठकीत मी अजूनही डेलियाच म्हणते, कुणाला काही अडत नाही.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी ऊन उतरल्यावर फुलं कापायची, खोल बादलीत, थंड पाण्यात, रात्रभर गार अंधाऱ्या जागी. स्पर्धेतल्या एका नोंदीत एकच जात, एक फूल किंवा तीन किंवा पाच. पोम्पॉन म्हणजे दोन इंचांच्या आतलं गोल फूल. त्यासाठी लाकडी किंवा प्लॅस्टिकचं कडं असतं, फूल त्यातून अलगद आरपार गेलं पाहिजे. अडलं तर वर्ग बदलतो. राक्षसी फूल दहा इंचांच्या वर. देठाला किमान एक पानांची जोडी हवीच. परीक्षक मधला भाग बघतात, पूर्ण भरलेल्या फुलात पिवळा गाभा उघडा पडला तर गुण जातात. मग फूल वळवून पाठ बघतात, मागच्या पाकळ्या कोमेजलेल्या आहेत का. म्हणजे समोरून सुंदर फूल हरू शकतं, आणि ते योग्यच आहे, त्याचं वय झालेलं असतं.

मी परीक्षकांच्या मागे कागद घेऊन फिरायचं काम बरीच वर्षं केलंय. नव्या माणसालाही ते देतात, आणि मागितलं तर पहिल्याच वर्षी. तीन परीक्षक एका फुलापाशी पंधरा मिनिटं हळू आवाजात बोलतात ते ऐकायला मिळतं. त्यानंतर स्वतःच्या बागेतली फुलं वेगळी दिसायला लागतात. नवशिक्यांचा वर्ग वेगळा असतो, त्यात जरूर मांडा. टॅकोमाला पॉइंट डिफायन्स पार्कात अमेरिकन डेलिया सोसायटीची अधिकृत चाचणी बाग आहे, ती याच महिन्यात बघून या. तिथं बाजारात न आलेल्या नव्या जाती लावलेल्या असतात आणि त्यांना गुण दिले जातात.

प्रदर्शन संपलं की आदल्या दिवशीची फुलं गुच्छ करून वृद्धाश्रमात जातात. आणि तुमच्या घरची? ऑगस्टअखेर ते सप्टेंबर म्हणजे आपले गणपती. जास्वंद इथं सहज मिळत नाही. माझ्या घरी सतरा वर्षं गणपतीपुढे लाल आणि केशरी डेलियाच असतो, पोम्पॉनची माळ सुईदोऱ्यानं ओवलेली. दोन दिवस ताजी राहते. इथल्या मराठी मंडळातल्या पाच-सहा घरांना मी बादल्या भरून फुलं देते. त्यातल्या तीन घरांतल्या बाया आता सोसायटीत आहेत. एकीनं तर दसऱ्याच्या दिवशी विचारलं होतं, ‘झेंडूसारखं हेही बीपासून लावू का?’ तिला सांगितलं तेच तुम्हालाही सांगते: मजा म्हणून जरूर लावा, एका बोंडातून दहा निराळी फुलं येतील, पण हीच हवी असतील तर नोव्हेंबरात या.

सप्टेंबर-ऑक्टोबरात एक काम असतं, ते सगळे विसरतात. फुलं आहेत तोपर्यंत प्रत्येक झाडाचं लेबल फुलाशी ताडून बघायचं. लाल फुलाच्या झाडावर पांढऱ्या जातीचं लेबल असेल तर ते आत्ताच कळतं. एकदा दंव पडलं की सगळी खोडं सारखी काळी, आणि मग तुम्ही चुकीचं नाव अगदी शुद्ध अक्षरात जांभळ्या पेन्सिलीनं लिहून पाच घरांत वाटता. मी आता खोडालाच दुसरं लेबल बांधते, जमिनीलगत, कापताना ते जात नाही. रात्री मोठ्या व्हायला लागल्या की जमिनीखाली कंद भरतात, म्हणून ऑक्टोबरात झाड थकलेलं दिसलं तरी घाईनं काढू नका. त्याचं काम चालू असतं.

वेळेचं विचारलंत. वीस झाडांना मे-जूनमध्ये आठवड्याला तीनेक तास, जुलै ते सप्टेंबर आठवड्याला चार-पाच, त्यात निम्मा वेळ तुम्ही नुसत्या उभ्या राहून बघण्यात घालवाल. नोव्हेंबरात दोन पूर्ण शनिवार-रविवार घरचे आणि एक सोसायटीचा. हिवाळ्यात महिन्याला एक तास. मूल बरोबर आणा. धुण्याच्या टेबलावर पाइप धरायला लहान मुलं सगळ्यांना आवडतात. एवढंही जमणार नसेल त्या वर्षी दहाच झाडं लावा आणि उरलेले कंद कुणाकडे तरी सांभाळायला द्या. आमच्यात दोन बाळंतपणं, एक मोठं आजारपण आणि एक घरबदल अशा चार जणांच्या जाती दुसऱ्यांच्या वाफ्यांत राहून परत आल्या आहेत.

खणायची तारीख आधी ठरत नाही, ती दंवावर असते. ऑक्टोबरच्या बैठकीत नाव आणि फोन नंबर लिहून घेतात आणि तीन-चार दिवस आधी कळवतात. म्हणून ऑक्टोबरच्या बैठकीला येऊन मागच्या खुर्चीवर बसा, यादीत नाव घाला. येताना रबरी बूट, पाण्यात न भिजणारे हातमोजे, टोकदार छोटी सुरी आणि गरम चहाचा थर्मास. चहा थोडा जास्त आणा, आलं घालून. आणि पहिल्याच दिवशी जाताना कुणी तुमच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले तीन-चार कंद दिले तर घरी गेल्यावर आधी उघडून कंदावरचं नाव वाचा, वहीत लिहा, शेजारी देणाऱ्याचंही नाव लिहा, आणि मगच खोक्यात ठेवा.